आठ पतंग, तीन रात्री

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस मी गावी गेलो होतो. गाव अकोल्यापासून फार लांब नाही, पण खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी चहालाही चालत नाही, त्यामुळे शेती सगळी पावसावर. सकाळी पुतण्याने पऱ्हाटीत लावलेला कामगंध सापळा सोडून आणला, पिशवीतले मेलेले पतंग पांढऱ्या कागदावर झटकले आणि मोबाईलने त्यांचा फोटो काढला. क्षणभरात पडद्यावर आकडा आला : दहा. आदल्या दिवशी नऊ होते, त्याच्या आधी अकरा.

"काका, तीन दिवस झाले, आठाच्या वरच हाय," तो म्हणाला. "आता फवारा मारा लागते."

मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. पण गव्हाच्या दाण्याएवढे ते करडे पतंग आणि त्यांच्यावर ठरणारा तो निर्णय पाहून माझ्या मनात प्रश्न आला तो रसायनाचा नव्हता. आठच का? हा आठाचा आकडा वऱ्हाडात आला कुठून? त्या शोधात मी वर्षभर बरेच वाचले. हाती आलेली हकिगत किडीपेक्षा मोजदादीची निघाली.

वऱ्हाडात कापसाची मोजदाद जुनी आहे. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इथल्या काळ्या मातीचे भाव वधारले. पाठोपाठ रेल्वे आली, आणि रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कॉटन कमिशनर झाला. गाठी मोजायच्या, भेसळ पकडायची, आणि शेतकरी लांब धाग्याची 'बनी' सोडून भरघोस येणारी जाडीभरडी 'जरी' का पेरतो म्हणून चिंता करायची, हा त्या काळचा सरकारी उद्योग. (शेतकरी जरी पेरत होता कारण ती जास्त पिकत होती. यात कोडे काय होते ते मला कळलेले नाही.) १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला; तो देशातला पहिला मानतात. १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला प्रयोगशाळा निघाली आणि धाग्याची लांबी नि ताकदही मोजली जाऊ लागली.

कापसाला खाणाऱ्या अळीची गणती मात्र फार उशिरा आली. गुलाबी बोंडअळी, म्हणजे आमच्या वडिलांची शेंदरी बोंडअळी, विज्ञानाच्या दप्तरात नोंदली गेली ती १८४३ मध्ये. डब्ल्यू. डब्ल्यू. सॉंडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. ही अळी बोंडात शिरली की शिरल्याची खूणही राहत नाही. आतली सरकी खाते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत महिनोन्‌महिने झोपून राहते. सरकीत दडून तिने प्रवासही केला : विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्त, तिथून मेक्सिको, आणि १९१७ मध्ये टेक्सास. इजिप्तने कायदाच केला की पेरणीची सरकी जिनिंगमध्ये तापवल्याशिवाय बाहेर पडता कामा नये. उपाय साधा होता. त्यात विष नव्हते.

विष आले दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत असताना त्याच्या हातून फॉस्फरसचे एक संयुग तयार झाले. ते इतके जहाल होते की लष्कराने उचलले. तोच 'टॅबून' हा युद्धातला विषारी वायू. त्याच घराण्यातले पॅराथिऑनही श्राडरचेच. पुढे याच कुळातली द्रव्ये आमच्या गावात पत्र्याच्या डब्यांतून आली आणि त्यांना नाव मिळाले 'औषध'. आजही वऱ्हाडात कोणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध आणले, औषध मारले. आणि एखाद्या घरी आक्रोश उठला की शेजारी हळूच विचारतात, "औषध घेतलं का?" एकाच शब्दात पीक वाचवणे आणि माणूस जाणे दोन्ही बसवणारी बोली मला दुसरी ठाऊक नाही.

हे औषध काय करते ते शिकवताना मी ऑटो लोवीची गोष्ट सांगत असे. १९२१ मध्ये त्याने बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्याची मज्जा चेतवून त्याचे ठोके मंद केले, त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्यावर सोडला, तर तेही मंद झाले. म्हणजे मज्जा निरोप पाठवते तो रसायनातून. ते रसायन ॲसिटिलकोलीन. निरोप पोहोचला की एक विकर, कोलिनेस्टरेज, तो लगेच पुसून टाकते. श्राडरचे विष नेमके या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवते. निरोप पुसला जात नाही, स्नायू फडफडत राहतात, तोंडाला लाळ सुटते, बुबुळ टाचणीच्या टोकाएवढे होते, शेवटी श्वास अडतो. अळीचे असेच होते, माणसाचेही. उतारा म्हणजे ॲट्रोपिन. ते बेलाडोनातून मिळाले, आणि त्याच्या कुळातली द्रव्ये आपल्या धोतऱ्यातही आहेत. श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराला धोतरा वाहिला जातो, त्याच दिवसांत बाहेर शेतांत फवारणी रंगात आलेली असते. धोतरा खाऊन मात्र कोणी बरा होत नसतो, मरतोच. डॉक्टर थेंबाथेंबाने देतात ते वेगळे.

हे सगळे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिले होते. आमच्याकडे एक सालदार होते, आम्ही मुले त्यांना दादा म्हणायचो. मी कॉलेजात असताना एका दुपारी ते पाठीवरचा पंप न उतरवताच धुऱ्यावर बसले आणि आडवे झाले. बैलगाडी, मग एसटी, मग तालुक्याचे डॉक्टर. वाचले. वडिलांनी दोन दिवस सुट्टी दिली, घरून दूध पाठवले. तिसऱ्या दिवशी दादांनी पुन्हा पंप घेतला. त्यांच्या अंगात विष किती उरले होते, हे कोणी मोजले नाही. मीही विचारले नाही, आणि मी तेव्हा नेमके रसायनशास्त्र शिकत होतो.

आता तो आठाचा आकडा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९५९ मध्ये स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की शेतात कीड दिसली म्हणून फवारू नका. किडीने होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून मोठे होण्याच्या बेतात येईल ती संख्या ठरवा, आणि तोवर हात आवरा. हीच 'आर्थिक नुकसानीची पातळी'. पण पतंग रात्री उडणारा आणि अळी बोंडात लपलेली, मोजायचे कसे? तेही कॅलिफोर्नियातच सुटले. १९७३ मध्ये रिव्हरसाइडच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पतंगाच्या मादीचा गंध उलगडला : एकाच रेणूची दोन जवळची रूपे, जवळपास निम्मी निम्मी. त्याला 'गॉसिप्ल्युअर' म्हणतात. रबराच्या बुचावर तो लावला की नर आपणहून सापळ्यात येतात. या गंधात विष नाही. सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग, लागोपाठ तीन रात्री. किंवा वीस हिरवी बोंडे फोडली आणि दोनांत अळी सापडली, की फवारणीची वेळ झाली, हा हिशेब आज आपला कृषी विभागही सांगतो.

हिशेब होता, पण तो करणार कोण? औषध स्वस्त होते, मोजायला वेळ नव्हता. एक काळ असा आला की देशाच्या पाच टक्के जमिनीवरचा कापूस निम्म्याच्या आसपास कीटकनाशके पीत होता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये त्याची दोन जनुकांची आवृत्ती आली. फवारण्या खरोखरच कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याबरोबर सापळे माळ्यावर गेले. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी येत असे. ती बांधाकडेने पेरायची, म्हणजे विषाला न सरावलेले पतंग तिथे जगतात आणि सरावलेल्यांशी जुगून प्रतिकार पातळ करतात. आमच्या गावात ते छोटे पाकीट कोणी पेरल्याचे मला आठवत नाही. ओलिताखालच्या गावांत फरदड मार्चपर्यंत उभी राहायची, अळीला बारमाही घर. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला अळी दाद देईनाशी झाल्याचे उघड झाले, काही वर्षांत दुसऱ्यालाही. २०१७ मध्ये वऱ्हाडभर डोमकळ्या दिसल्या, बोंडे फुटली ती कवडी निघाली.

त्याच वर्षी पाऊस असा पडला की पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. घाबरलेला शेतकरी दोन-तीन औषधे एकत्र करून मारू लागला. मजूर तोंडासमोर, डोक्यावर फवारत होते. बारीक तुषार टाकणारे बॅटरीचे पंप नवे होते, दमट हवेत तुषार अंगावरच बसत होता. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो रुग्णालयात आली. अकोल्यातही मृत्यू झाले. कोलिनेस्टरेज मोजणारी रक्ततपासणी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज होत नव्हती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले.

इथे वाचता वाचता मी थांबलो. कारण कॅलिफोर्नियात मोजदादीचे आणखी एक काम झाले होते, आणि ते मला ठाऊकच नव्हते. १९७४ पासून तिथे फॉस्फरसच्या कुळातली विषे नियमित हाताळणाऱ्या मजुराचे रक्त हंगामाआधी तपासून त्याची मूळ पातळी नोंदवतात आणि हंगामात पुन्हा पुन्हा मोजतात. कोलिनेस्टरेज मूळच्या ऐंशी टक्क्यांखाली घसरले की कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतले सत्तर टक्क्यांवर आले की त्या माणसाला विषापासून दूर करायचे. म्हणजे एकाच मुलुखाने दोन पातळ्या ठरवल्या, एक किडीसाठी, एक माणसासाठी. पहिली आपण उचलली, तिचे तक्ते छापले. दुसरी आपल्या बांधापर्यंत आलीच नाही.

आज पहिलीसाठी जे चालले आहे ते थोर आहे, हे मी मनापासून म्हणतो. मुंबईत २०१८ मध्ये सुरू झालेल्या वाधवानी संस्थेने पतंग मोजणारे 'कॉटनएस' हे ॲप केले. २०१९ मध्ये गूगलच्या स्पर्धेत त्याला वीस लाख डॉलरचे साहाय्य मिळाले. धुळीने माखलेले, एकावर एक पडलेले, पंख तुटलेले पतंग यंत्राला ओळखायला शिकवणे सोपे नाही. ते शिकवले, आणि शेतात रेंज नसली तरी चालेल इतके आटोपशीर केले. अमेरिकेने तर गंध, बीटी आणि प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग यांच्या जोरावर २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. फवारणीला ड्रोन आले आहेत. माणूस पऱ्हाटीबाहेर उभा राहतो, हा मोठाच फायदा. तरी बाटलीतले घट्ट औषध ड्रोनच्या टाकीत ओतणारे हात माणसाचेच, आणि धोका सर्वांत जास्त असतो तो ओतताना. आमच्या पुतण्याच्या पाच एकरांत ड्रोन अजून आलेला नाही.

त्या सकाळी फवारायला आला तो दादांचा नातू. तिशीतला, काटक. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, तोंडाला दुपट्टा, हात उघडे. मी त्याला हातमोजे दिले, अकोल्याहून मुद्दाम नेले होते. त्याने ते घातले, बोटे हलवून पाहिली, आणि हसला. मी विचारले, रक्त कधी तपासले होते का?

"तपासलं ना सर. मांगच्या साली शिबिर होतं शायेत. शुगर पायली त्याईनं. बराबर हाय म्हने."

पुतण्याने मोबाईल खिशात टाकला. नातवाने झाकण उघडून औषध मापले, टोपणाने, आणि बादलीत ओतले.