राइट टू डिस्कनेक्ट विधेयक

राइट टू डिस्कनेक्ट विधेयक, २०१८ हे कार्यालयीन वेळेनंतर येणाऱ्या ईमेल, दूरध्वनी व संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना मिळावा, यासाठी लोकसभेत मांडलेले खासगी विधेयक होते. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी ते २८ डिसेंबर २०१८ रोजी मांडले.

पार्श्वभूमी

कारखाने अधिनियम, १९४८ ने प्रौढ कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. ती मर्यादा कामाच्या जागी प्रत्यक्ष हजर असलेला कामगार गृहीत धरून आखलेली होती. भ्रमणध्वनीवर ईमेल येऊ लागल्यावर काम घरापर्यंत पोहोचले. मात्र रात्री लिहिलेल्या उत्तराची नोंद हजेरीपटावर होत नाही. पुणे व मुंबईतील माहिती तंत्रज्ञान व्यवसायात ही अडचण विशेष जाणवते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा भारतात ऋतुमानानुसार सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात.

आरोग्यावरील परिणाम

ताण केवळ ईमेलच्या संख्येमुळे येत नाही. केव्हाही विचारणा होईल, ही अपेक्षाही मनाला कामातून मोकळे होऊ देत नाही. त्यामुळे झोप, विश्रांती व कौटुंबिक जीवनावर परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन व योग्य रीतीने न हाताळलेल्या ताणातून येणाऱ्या थकव्याची 'बर्नआउट' अशी व्याख्या केली. संघटना त्यास आजार न मानता व्यवसायाशी निगडित स्थिती मानते.

तरतुदी

वरिष्ठांनी संपर्क साधण्यास विधेयकात बंदी नव्हती. उत्तर न देणाऱ्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये, हा त्याचा गाभा होता. दहापेक्षा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी वेळेबाहेरील संपर्काच्या अटी कर्मचाऱ्यांशी चर्चा करून ठरवाव्यात, असे त्यात सुचविले होते. पालन न करणाऱ्या कंपनीस कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या एक टक्का दंड प्रस्तावित होता.

इतर देश

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याविषयी कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. ऑस्ट्रेलियात असा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला.

पुढील घडामोडी

मे २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाल्याने २०१८ चे विधेयक रद्दबातल ठरले. सुळे यांनी ५ डिसेंबर २०२५ रोजी याच विषयावरील विधेयक पुन्हा लोकसभेत मांडले. संसदेत खासगी विधेयके क्वचितच संमत होतात. असे शेवटचे विधेयक १९७० मध्ये संमत झाले होते.