लक्खण-जातक आणि १९७२ चा कायदा

लक्खण-जातकात मगधातील शेतकरी उभे पीक खाणाऱ्या हरणांसाठी खड्डे खणतात, फास लावतात. जातककार त्यांना दोष देत नाही, हे आम्हांस लक्षणीय वाटते. सुज्ञ लक्खण सुगीपर्यंत कळप डोंगरात राखून सुखरूप परत आणतो. अविचारी काळ आपला कळप गमावतो.

सातारा-सांगलीत हाच संघर्ष आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमानुसार उभ्या पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारण्यास मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतो. परंतु कोयना-चांदोलीलगत पाटण-शिराळ्याच्या शिवारात शिरणारा गवा पहिल्या अनुसूचीत असल्याने केवळ पिकासाठी मारता येत नाही. शिवाय पंचशील ग्रहण केलेल्या शेतकऱ्यास परवाना मिळाला तरी पहिले शील आड येतेच. म्हणून आम्ही बंदुकीआधी वेळेवर पंचनामा व पुरेशी भरपाई मागतो.