लोणार

लोणार : बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व छोटे शहर. मेहकरच्या दक्षिणेस वसलेले हे गाव खाऱ्या सरोवराच्या विवराला ईशान्येकडून अगदी खेटून आहे. शेवटची घरे संपली की जमीन एकदम खाली उतरते.

विवराचा व्यास सुमारे १.८ किमी. व खोली सुमारे १५० मी. आहे. पूर्वी ते ज्वालामुखीचे मुख समजले जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रचंड दाबाने घडणारे मॅस्केलिनाइट येथील खडकांत आढळले आणि अशनिपाताचा निष्कर्ष पक्का झाला. बेसाल्टमध्ये असे विवर जगात क्वचितच सापडते. वयाबाबत मात्र मोठी तफावत आहे : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर आर्गॉन कालमापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

लोणारचे खरे वैभव खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या शेजारात आहे. सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी; त्याच्याच उतारावर गोड्या पाण्याचे झरे. गावाजवळची ‘धार’ गोमुखातून पडते. भाविक तिच्याखाली स्नान करतात आणि तेच पाणी पुढे खाली सरोवरात जाते. तळाशी, कमळजा देवीच्या मंदिराजवळ, सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोड, दुसऱ्या बाजूचे खारट. सरोवर भरले की ती बुडते, ओसरले की उघडी पडते. खाऱ्या सरोवराच्या काठचे हे गोडे पाणी ‘ऐन-ए-अकबरी’तही नोंदलेले आहे.

त्याच ग्रंथात येथील काच व साबणासाठी उपयोगी द्रव्यांचा आणि त्यांवरील महसुलाचा उल्लेख येतो. पाणी आटले की काठावर खार जमे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा प्रती लावून तो विकला जाई. आज तो व्यापार उरलेला नाही.

गावातील दैत्यसूदन मंदिर चालुक्यकालीन शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना आहे. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचे हे देऊळ. त्याच्या बाह्य भिंतींवरील मूर्ती सावकाश पाहाव्यात. विवरातही अनेक जुनी देवळे झाडीत पडझडीच्या अवस्थेत आहेत आणि त्यांची डागडुजी लवकर व्हायला हवी. कमळजा देवीचा उत्सव नवरात्रात भरतो.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. क्षारता वाढल्याने फोफावलेले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्याला कारण होते, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. गावाचे सांडपाणी उतारावरून सरोवरात जाणे हा येथील जुना प्रश्न आहे. पाणी सौम्य झाले, तर केवळ खाऱ्या पाण्यातच तग धरणारी येथील सूक्ष्मजीवसृष्टी टिकणार नाही. म्हणून सरोवराच्या रक्षणाची सुरुवात गावाच्या गटारांपासूनच करावी लागते.