विंचवाचे विष आणि पेशींची दारे

लोधीखेड्याच्या शिवारात पऱ्हाट्यांचा ढीग उपसताना विंचू निघाला, की जुनी माणसे आजही हात आखडून घेतात. कोकणात हे भय साक्षात मृत्यूचे होते. लाल विंचू डसलेले मूल घामाने भिजे, त्याचे हातपाय गार पडत आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरून ते दगावे.

आपल्या शेजारच्या नागपुरात वैद्यक शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी आरोग्यकेंद्रात रुजू झाले, तेव्हा गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३० ते ४० दगावत. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणे टिपली. ती १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

मज्जापेशींचे व स्नायुपेशींचे काम विजेच्या लहरींवर चालते. सोडियम आत शिरले की लहर उठते, पोटॅशियम बाहेर पडले की ती शमते. विंचवाच्या विषातील द्रव्ये सोडियमचे दार उघडे धरतात आणि पोटॅशियमचे बुजवितात. मज्जातंतू शांत होत नाहीत. ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकते. डॉ. बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी दिली आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले.

पोटॅशियमचे एक दार बुजविणारे ३७ अमिनो आम्लांचे ‘आयबेरिओटॉक्सिन’ याच विंचवाच्या विषातून १९९० साली वेगळे करण्यात आले. म्हणजे प्रयोगशाळेच्या हाती ही खीळ लागण्यापूर्वीच खेड्यातील खाटेशेजारी उपाय सापडला होता. मांत्रिकाकडे दवडलेली घटका मात्र अजूनही जीव घेऊ शकते, हे विसरून चालणार नाही.