वय कोण मोजतं?

आमच्या धाराशिव भागात जुन्या माणसांना वय विचारलं, तर ती साल सांगत नाहीत, खूण सांगतात. "पोलीस ॲक्शनच्या वेळी मी पाळण्यात होते." "बहात्तरच्या दुष्काळात थोरला रांगत होता."

आमच्या गल्लीतल्या एका खालांचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज मी भरून दिला होता. सारी उमर ऊसतोडीत गेलेली, कंबर वाकलेली. कागदावर वय त्रेसष्ट, अट पासष्टची. अर्ज परत आला. खाला म्हणाल्या, "बेटा, मोळी उचलताना कुणी वय विचारलं नव्हतं."

श्रोतेहो, हाच प्रश्न अमेरिकेत एका काळ्या विदुषीने अर्धशतकापूर्वी मांडला होता. त्यांचं नाव जॅकलिन जॉन्सन जॅक्सन. जन्म १९३२ चा. १९६० साली त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठातून समाजशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. पुढे ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात त्या प्राध्यापक झाल्या. तिथे काळ्या प्राध्यापकांना दार नुकतंच किलकिलं झालं होतं.

म्हातारपणावर तेव्हा संशोधन होत होतं, पण ते बहुतेक गोऱ्यांच्या म्हातारपणावर. जॅक्सनबाईंनी काळ्या वृद्धांकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पेन्शनसाठी कपात सगळ्यांच्या पगारातून होते, पूर्ण पेन्शन मात्र पासष्टीला मिळते. काळी माणसं सरासरीने लवकर मरतात. म्हणजे अनेकांनी नुसते पैसे भरायचे. म्हणून काळ्यांसाठी ही वयाची अट खाली आणा, अशी मागणी त्यांनी केली.

मागणी मान्य झाली नाही. उलट १९८३ च्या कायद्याने पूर्ण पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने सदुसष्टवर नेलं. तरी बाई थांबल्या नाहीत. अल्पसंख्याकांच्या वार्धक्यावर त्यांनी नियतकालिक चालवलं, १९८० साली त्याच विषयावर ग्रंथ लिहिला. २००४ साली त्या गेल्या.

मी कवी माणूस, समाजशास्त्र माझा विषय नाही. पण एवढं कळतं की खुर्चीत बसून साठी गाठणारा आणि कोयता चालवत साठी गाठणारी, यांची साठी एक नसते. जॅक्सनबाईंनी हे आकड्यांनी सांगितलं.

दोन वर्षांनी खालांचा अर्ज मंजूर झाला. ती दोन वर्षं त्यांनी लोकांची भांडी घासून काढली. त्यांचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)