गुंजीच्या शेतकरी घरात थेट पैसा : कोणाच्या खात्यावर किती?

खानापूर तालुक्यातलं गुंजी हे पावसाचं आणि भाताचं गाव. इथल्या शेतकरी घरात सरकारी पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये (२०१९ पासून, तीन हप्त्यांत) आणि कर्नाटकच्या गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० (ऑगस्ट २०२३ पासून). एकूण वर्षाचे ३०,०००.

गंमत म्हणजे पलीकडे चंदगड तालुक्यातही बेरीज तेवढीच. पीएम-किसान ६,०००, नमो शेतकरी ६,००० आणि लाडकी बहीण १८,०००. मात्र जमीन नवऱ्याच्या नावावर हवी. बाईच्याच नावावर असली तर लाडकी बहीण महिन्याला ५०० वर येते.

खरा फरक घरात पडतो. गृहलक्ष्मी रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला, म्हणजे बहुधा सासूला. त्याच कार्डावरच्या सुनेला वेगळं काही नाही. लाडकी बहीणला २०२४ मध्ये वय २१ ते ६५ असलेल्या सासू-सून दोघीही अर्ज करू शकत होत्या.

पीएम-किसान उताऱ्यावरच्या नावाला मिळतं, वाट्यानं शेत करणाऱ्याला नाही. म्हातारा गेला आणि वारसा लावला नाही, तर हप्ता थांबतो. गृहलक्ष्मीचे पैसे कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. पेरणीआधी आले तर खत रोखीनं. नाहीतर दुकानदाराच्या वहीत नाव चढतंच.