सस्पेन्शन फोर्कची जुळवणी (माउंटन सायकल)

माउंटन सायकलच्या पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा फोर्क स्वाराचे वजन, वाट आणि चालवण्याची पद्धत यांना अनुरूप करून घेण्याची क्रिया. असे फोर्क बनवण्यासाठी पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये ‘रॉकशॉक्स’ कंपनी काढली. १९९० च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, कोलोरॅडोतील डुरँगो येथे, ग्रेग हर्बोल्ड यांनी याच कंपनीच्या फोर्कवर डाउनहिल शर्यत जिंकली आणि हे फोर्क शर्यतींत रुळले. फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात. क्रॉस-कंट्री सायकलींत तो साधारण १०० ते १२० मिमी., ट्रेल सायकलींत १२० ते १५० आणि डाउनहिलमध्ये २०० मिमी. असतो.

जुळवणीची सुरुवात नेहमी सॅगपासून करावी. स्वाराच्या नुसत्या वजनाने फोर्क जितका दबतो तो सॅग. हेल्मेट, पाण्याची पिशवी असा सगळा सरंजाम अंगावर घेऊन पेडलवर उभे राहावे, नळीवरची रबरी रिंग खाली सीलला टेकवावी, अलगद उतरून रिंग आणि सील यांमधले अंतर मोजावे. क्रॉस-कंट्रीसाठी ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के, ट्रेलसाठी २० ते २५ आणि डाउनहिलसाठी ३० टक्क्यांपर्यंत सॅग ठेवतात, १४० मिमी.च्या फोर्कला २० टक्के म्हणजे २८ मिमी. हवेच्या फोर्कमध्ये हा आकडा शॉक पंपाने साधतात. पंपिंग करताना मधूनमधून फोर्क पाचदहा वेळा दाबावा, म्हणजे वरच्या आणि खालच्या (निगेटिव्ह) कप्प्यांतला दाब सारखा होतो. पंप काढताना होणारा फुसकारा पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, फोर्कच्या नव्हे. पंप पुन्हा लावला की नळी भरायला थोडी हवा फोर्कमधून जाते, म्हणून काटा कमी दाखवतो.

स्प्रिंगच्या स्वस्त फोर्कवर बहुधा प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याची, गुंडी असते. तिने सॅग बदलतो, पण स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही. वजन फारच वेगळे असेल, तर स्प्रिंगच बदलावी लागते.

यानंतर रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत उसळण्याचा वेग. हवा वाढवली की उसळी जोरकस होते, म्हणून रिबाउंड आधी लावून मग हवा भरणे ही उलटी चाल आहे. वेग फार ठेवला तर चाक जमिनीवरून उडते आणि पकड सुटते. फार मंद ठेवला तर लागोपाठच्या दगडांवर फोर्क वर यायलाच वेळ मिळत नाही. तो दबतच जातो आणि शेवटी कडक भासतो. अशा वेळी पुष्कळजण हवा कमी करतात, त्याने दुखणे आणखी वाढते.

फोर्क दबण्याला केलेला अटकाव म्हणजे कम्प्रेशन. त्यातले ‘लो-स्पीड’ आणि ‘हाय-स्पीड’ हे शब्द सायकलच्या वेगाला लावू नयेत. ते फोर्क दबण्याच्या वेगाचे आहेत. ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग खाली झुकतो, तो लो-स्पीडने आवरतो. दगडावर आपटणे, उडीनंतर उतरणे हे हाय-स्पीडचे क्षेत्र. सॅग बरोबर असूनही वारंवार पूर्ण ट्रॅव्हल संपत असेल, तर हवेच्या फोर्कमध्ये टोकन (जागा व्यापणारा छोटा तुकडा) घालून हवेची जागा कमी करावी. शेवटचा टप्पा कडक होतो, सुरुवातीचा मऊपणा जवळजवळ तसाच राहतो. पूर्ण ट्रॅव्हल कधीच वापरला जात नसेल, तर टोकन काढावे.

हवामानही हिशेबात धरावे. २० अंश सेल्सिअसला ८० पीएसआय भरलेली हवा ४० अंशांत सुमारे ८६ पीएसआयवर जाते. सह्याद्रीत पहाटेच्या गारव्यात केलेली जुळवणी भर उन्हात त्यामुळेच कडक वाटते. पावसाळी चिखलानंतर नळ्या आणि सील पुसाव्यात. खालच्या नळ्यांतले तेल बदलण्यासाठी रॉकशॉक्स ५० तासांची मुदत सांगते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीच वाट पुन्हा चालवून पाहावी आणि दाब व रिबाउंडच्या गुंडीचे क्लिक लिहून ठेवावेत.